पुडीनं दोन दिवसात आराम पडला, मग गोळ्या कशाला खायच्या?

"ताई, नमस्कार. मी ३३ वर्षांची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे, पाच वर्षांची मुलगी आहे. दिवाळीनंतर दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली, सकाळी उठल्यावर मूठच वळत नाही, कणीक मळता येत नाही, फळ्यावर लिहिताना हातातून खडू निसटतो. पुण्याला दाखवलं, आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या संधिवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह आल्या. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट १५ आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) दिलं. तीन आठवडे घेतलं पण काडीचा फरक नाही, वर गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ. मिस्टरांनी नेटवर बघितलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं, घरात सगळेच घाबरले. सासूबाई म्हणतात या वयात कुठे वात असतो, बाळंतपणात शेक-शेगडी नीट झाली नाही म्हणून हे. त्यांनी एका ठिकाणाहून पुड्या आणल्या, दोन दिवसात एवढा आराम पडला की मी स्वतः पोळ्या लाटल्या. आता महिनाभर पुड्याच चालू आहेत, गोळ्या बंद केल्या. मैत्रीण म्हणते परदेशात यावर नवीन इंजेक्शनं निघालीत, ती घेतली की आजारच जातो. आणि आम्हाला दुसरं मूलही हवंय. काय करू?"
– गोंधळलेली, जि. सातारा

अगं, आधी एक काम कर, बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल. पुण्याच्या त्या डॉक्टरांना आजच फोन लाव आणि सांग की मी महिनाभर बिननावाची पावडर घेतेय. लाजू नकोस, ते ओरडतील म्हणून लपवूही नकोस, असे पेशंट त्यांच्याकडे रोज येतात. आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुड्या एकदम बंद करू नकोस. हे वाचून तुला नवल वाटेल, पण कारण ऐक.

बोटं धरलेल्या बाईला दोन दिवसात पोळ्या लाटता आल्या, असं करणारी औषधं फार थोडी आहेत. एक म्हणजे जोरदार पेनकिलर आणि दुसरं म्हणजे स्टेरॉइड. आपल्याकडे वाताच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, हे काही गुपित नाही. तुझ्या पुडीत तेच आहे असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तू लिहिलंयस ते चित्र तंतोतंत तसंच आहे. आणि बाहेरून स्टेरॉइड महिनाभर पोटात गेलं की आपल्या शरीरातल्या ग्रंथी स्वतःचं बनवायचं काम कमी करतात, मग ते अचानक थांबवलं तर गळून जायला होतं, चक्कर येते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली जातं. माझ्या ओपीडीत अशी एक भाजीवाली आली होती, चेहरा चंद्रासारखा गोल झालेला, दंडावर हलकं दाबलं तरी निळा डाग पडायचा, आणि पुड्या संपल्या म्हणून चार दिवस घेतल्या नव्हत्या तर बाकावरून उठता येईना, मुलानं धरून आणलं. म्हणून उरलेल्या पुड्या डॉक्टरांकडे घेऊन जा, शुगर आणि बीपी तपासून घे, कमी कशा करायच्या ते ते ठरवतील. फोन लागला नाही आणि मधेच असं गळाल्यासारखं व्हायला लागलं तर वाट न बघता जवळच्या दवाखान्यात जा आणि तिथेही पुडीचं सांग.

आयुर्वेदाबद्दल माझा काही आकस नाहीये, उलट पुण्यातच डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदिक औषधं ॲलोपॅथीच्या औषधांसमोर रीतसर ट्रायलमध्ये तपासलीत, त्यातली गुडघेदुखीवरची ट्रायल २०१३ साली छापून आली. पण तिथे कशात काय आहे ते लिहिलेलं असतं. जो वैद्य कागदावर औषधाचं नाव लिहून देतो त्याच्याशी बोलता येतं, ज्या पुडीवर ना नाव ना बॅच नंबर, ती कोणत्याच पॅथीची नाही.

आणि हा दोन दिवसातला आराम नवीन नाहीये बरं. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरनं संधिवातानं अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, टोचलं आणि ती काही दिवसात उठून चालायला लागली, सगळ्यांना वाटलं संधिवात संपला. १९५० ला नोबेलही मिळालं. पण पुढे डोस वाढत गेले तसे हाडं ठिसूळ होणं, शुगर, अंगावर सूज, जंतुसंसर्ग हे सगळं दिसायला लागलं. आजही आम्ही स्टेरॉइड वापरतो, पण छोट्या डोसमध्ये, ठराविक आठवडे, खरं औषध लागू पडेपर्यंत मधला काळ निभावून न्यायला. तू डॉक्टरांना हे सरळ विचार, "मेथोट्रेक्सेटचा गुण येईपर्यंत मला शाळा करायचीये, तोवर काही देता येईल का?" मोजून-मापून देतील. पुडीत किती आहे ते कुणी मोजलंय?

आता तुझ्या गोळीकडे येऊ. तीन आठवड्यात फरक नाही म्हणून बंद केलीस, पण मेथोट्रेक्सेटला गुण यायलाच साधारण सहा ते बारा आठवडे लागतात गं. ते सुरू करताना तुला कुणी नीट बसवून सांगितलं नाही, हे माझ्या मते आमच्या डॉक्टर लोकांचंच चुकतं, पाच मिनिटात प्रिस्क्रिप्शन हातात देतात आणि पेशंट बिचारी रोज सकाळी बोटं वळतात का बघत बसते.

कॅन्सरचं औषध आहे का, तर हो, कॅन्सरमध्येही वापरतात. मिस्टरांनी बरोबरच वाचलं, पण डोस वाचला नाही. रक्ताच्या आणि हाडाच्या काही कॅन्सरमध्ये हेच औषध एका वेळी काही ग्रॅम देतात, तुला आठवड्याला १५ मिलिग्रॅम दिलंय. एवढ्याशा डोसमध्ये ते सांध्यातली सूज आणणाऱ्या पेशींना आवरतं, कॅन्सरमध्ये पेशी मारायला देतात ते काम वेगळं. आणि ज्या माणसाच्या टीममधून हे औषध निघालं तो आपल्याच देशातला, आंध्रातल्या भीमावरमचा यल्लाप्रगडा सुब्बाराव, अमेरिकेत लेडर्ली कंपनीत काम करायचा. १९४८ ला गेला, संधिवातावर याचा एवढा उपयोग होईल हे बघायला राहिला नाही. १९८० च्या दशकात नीट ट्रायल झाल्या, १९८८ ला अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी या आजाराची सुरुवात याच गोळीनं करतात. स्वस्तही आहे, हे आपल्यासाठी काही कमी नाही.

याचा अर्थ ती शेंगदाण्यासारखी खायची असं नाही. ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि अशी चूक घराघरात होते, विशेषतः गोळ्या दुसरं कुणी काढून देत असेल तेव्हा. कालनिर्णयवर वार ठरवून खूण कर, मिस्टरांनाही तो वार माहीत असू दे. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. मळमळ होते तर रात्री जेवून घे म्हणजे बराचसा त्रास झोपेत निघून जातो, तरी नाही जमलं तर फॉलिक ॲसिड वाढवता येतं किंवा हेच औषध कातडीखाली छोट्या इंजेक्शननं घेता येतं, पोटाला पुष्कळ बरं पडतं. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लिव्हरची टेस्ट आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, सुरुवातीला दर महिन्याला आणि मग दर तीन महिन्यांनी, चुकवायचं नाही. तोंडात फोड आले, ताप आला, दम लागायला लागला, कोरडा खोकला राहिला तर पुढचा डोस न घेता फोन कर. आणि गावातल्या डॉक्टरांकडे लघवीच्या इन्फेक्शनला वगैरे गेलीस तर मी मेथोट्रेक्सेटवर आहे हे आधी सांगायचं, कारण सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम नावानं मिळणारी गोळी याच्यासोबत अजिबात चालत नाही. एचसीक्यूसाठी एकदा डोळे तपासून घे, ती गोळी तशी सौम्य आहे.

आता मैत्रिणीची इंजेक्शनं. या शोधाची गोष्ट मला मनापासून आवडते म्हणून जरा लांबण लावते. लंडनमध्ये केनेडी इन्स्टिट्यूट नावाची संस्था १९६० च्या दशकात फक्त संधिवातावर संशोधन करायला निघाली, आता ती ऑक्सफर्ड विद्यापीठात आहे. तिथे मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी, म्हणजे लुधियानात जन्मलेले आपले मैनी, हे दोघं आणि फिओन्युला ब्रेनन वगैरे त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात पेशंटच्या सांध्यातलं अस्तर, जे ऑपरेशनच्या वेळी काढून टाकतात ना, ते घेऊन काचेच्या बशीत त्याच्या पेशी वाढवत होते. सुजलेल्या सांध्यात पेशी एकमेकींना निरोप देणारी ढीगभर रसायनं सोडतात, टीएनएफ, आयएल-वन, आयएल-सिक्स अशी नावं आहेत, आणि तेव्हा जाणकार म्हणायचे की एकाला अडवून काय होणार, दुसरी आहेतच की. यांनी टीएनएफ अडवून बघितलं तर आयएल-वन पण खाली आलं, बाकीचीही उतरली. पाटाचं पाणी वरच्या दारालाच वळवलं की खालचे वाफे आपोआप कोरडे पडतात, तसं. मग उंदरांवर बघितलं आणि १९९२ ला लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा पेशंटना टीएनएफ अडवणारं औषध शिरेतून दिलं, तेच पुढे इन्फ्लिक्सिमॅब झालं. पेशंट भराभर सुधारले. १९९४ ला ७३ जणांवरची ट्रायल छापून आली आणि त्यात शंका राहिली नाही.

पण याच संशोधनात पुढे काय दिसलं ते मैत्रिणीला सांग. औषधाचा असर उतरला की काही आठवड्यांनी आजार परत आला, पुन्हा दिलं की पुन्हा बसला. म्हणजे इंजेक्शन आजार ताब्यात ठेवतं, घालवत नाही. शिवाय सोबत मेथोट्रेक्सेट असेल तर अशा इंजेक्शनचा गुण जास्त येतो आणि टिकतो, म्हणजे फिरून गाडी त्याच गोळीवर येते. आणि आपल्याकडे टीबी घरोघरी, ही इंजेक्शनं आत दबून बसलेला टीबी उठवू शकतात, त्यामुळे आधी छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी केल्याशिवाय कुणी देत नाही, देऊ नये. परदेशात जायची गरज मात्र अजिबात नाही, २०१४ पासून ॲडालिमुमॅब या अशाच एका इंजेक्शनचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं औषध, अहमदाबादच्याच कंपनीचं मिळतं, मूळ औषधापेक्षा पुष्कळ स्वस्त, तरी पगारदार माणसाला जड जाईल एवढं आहेच.

तुला त्याची गरज लागेल का, हे आज ठरवायचंच नाहीये. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३५३ पेशंटवरचा एक अभ्यास आला, सगळे असे की ज्यांना एकट्या मेथोट्रेक्सेटनं पुरेसा गुण नव्हता. निम्म्यांना सोबत एटानरसेप्ट हे टीएनएफ अडवणारंच महाग इंजेक्शन दिलं आणि निम्म्यांना सोबत सल्फासलाझिन आणि एचसीक्यू या साध्या गोळ्या. ४८ आठवड्यांनी बघितलं तर गोळ्यावाले इंजेक्शनवाल्यांच्या मागे पडले नव्हते. ज्यांना तिथे फरक पडला नाही त्यांना मधेच दुसऱ्या बाजूला बदलून दिलं होतं, हेही सांगायला हवं. मला हा अभ्यास आपल्यासारख्यांसाठी फार मोलाचा वाटतो.

आणि त्याहून मोलाचा एक आहे, ग्लासगोचा, २००४ चा. ११० पेशंट, औषधं दोन्हीकडे जुनीच, महाग इंजेक्शन एकही नाही. अर्ध्यांना दर महिन्याला बोलावलं, प्रत्येक वेळी सांधे मोजले, सूज उरली असेल तर तिथल्या तिथे औषध वाढवलं. उरलेल्यांना नेहमीसारखं, तीन महिन्यांनी या. दीड वर्षानं पहिल्या गटात शेकडा ६५ जणांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्या गटात शेकडा १६. तू मला विचारलंस काय करू, तर हे कर. दर महिन्याला जा. सातारा-पुणे येणं-जाणं आहे, शाळेतून रजा काढावी लागेल, मला कळतंय, पण पहिली एक-दोन वर्षं काढच. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी ये तर तू म्हण, सूज जाईपर्यंत लवकर बोलवा.

एवढी घाई का करतेय मी? कारण दुखणं कमी झालं म्हणजे आतला आजार थांबला असं या आजारात धरून चालता येत नाही. २०१९ मध्ये बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की सांध्याच्या अस्तरातल्या एका प्रकारच्या पेशी सूज वाढवतात आणि त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी हाड आणि कूर्चा खातात, दोघींची कामं वेगवेगळी. त्यावरची औषधं यायला वेळ आहे, पण ओपीडीत आम्ही हे डोळ्यांनी बघत आलोय, पेनकिलरवर वर्षानुवर्षं बरी असलेली बाई येते आणि हाताच्या एक्सरेत हाडाच्या कडा कुरतडलेल्या असतात. हाड एकदा खाल्लं गेलं की कुठलंही औषध ते भरून देत नाही. सुरुवातीचे महिने म्हणून महत्त्वाचे, आणि तू अजून त्यातच आहेस, दिवाळी होऊन काही वर्षं लोटली नाहीत.

एक गोष्ट घरी करून बघ. दोन्ही हातांच्या मुठी वळ, जेवढ्या वळतील तेवढ्या, आणि बोटांच्या मुळाशी जी टेकाडं वर येतात त्यांच्याकडे उजेडात बघ. दोन टेकाडांच्या मधे खळगी दिसायला हवी. सूज असेल तर ती खळगी भरून सपाट होते. मग तळहात चार बोटांच्या मुळापाशी दुसऱ्या हातानं आडवा, हस्तांदोलन करताना दाबतो तसा दाब, कळ आली तर सूज आहे असं समज. पुडी घेऊन आराम वाटतो त्या दिवशीही बघ. सकाळी उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो तेही रोज एका वहीत लिहित जा, अर्धा तास, दीड तास, जे असेल ते. डॉक्टरांना ही वही रिपोर्टइतकीच उपयोगी पडते.

दुसऱ्या मुलाचं आता. हे मी शेवटी लिहितेय पण तू डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. मेथोट्रेक्सेट पोटातल्या बाळाला घातक आहे, त्यामुळे ते चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पक्कं गर्भनिरोधन हवं, आणि मूल हवं असेल तर साधारण तीन महिने आधी डॉक्टरांना विचारून बंद करावं लागतं. तू मधे तीन आठवडे घेतलंयस, पाळी चुकली असेल तर आजच टेस्ट कर आणि कळव. पण संधिवात आहे म्हणून मूल नाही असं काही नाही गं! एचसीक्यू आणि सल्फासलाझिन गरोदरपणात चालतात, इंजेक्शनांतही चालणारी आहेत. माझं मत विचारशील तर आधी आजार नीट शांत कर, सहा महिने तसाच राहू दे, मग गोळ्या बदलून प्रयत्न करा. आजार धगधगत असताना राहिलेले दिवस आईलाही जड जातात आणि बाळालाही. आणि जर तुम्हाला आत्ताच, याच वर्षी मूल हवं असेल तर तेही स्पष्ट सांगा, मग डॉक्टर मेथोट्रेक्सेटऐवजी दुसरंच काही सुरू करतील. ठरवायचं तुम्ही दोघांनी.

सासूबाईंवर रागावू नकोस. सून कळवळतेय हे बघवलं नाही म्हणून त्या पुड्या आणायला गेल्या, हे मला पत्रातून दिसतंय. फक्त त्यांना सांग की शेक-शेगडीशी याचा काही संबंध नाही, त्यांच्या हातून काही राहिलं नाही आणि तुझ्या हातूनही नाही, स्वतःच्याच शरीराची संरक्षण यंत्रणा सांध्यावर उलटते त्यातून हा आजार होतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त होतो, तोही ऐन उमेदीत. या वयात कुठे वात असतो म्हणाल्या तर भिगवणचं सांग. डॉ. चोप्रांच्याच टीमनं १९९६ ला पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवलं, कुणाचं काय दुखतं ते विचारलं, आणि हजारात साधारण पाच जणांना हाच आजार निघाला. म्हणजे तुमच्या शाळेच्या पंचक्रोशीतही असतील तुझ्यासारख्या, कुणी सांगत नाही एवढंच. मिस्टरांना पुढच्या वेळी सोबत घेऊन जा, नेटवर वाचलेले सगळे प्रश्न त्यांना तिथेच विचारू दे, वाचून काळजी करणारा नवरा आहे हे चांगलंच आहे.

शाळेसाठी खडूचा होल्डर मिळतो तो घे, जाडसर असतो, बोटांवर ताण कमी येतो. सकाळी कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटं बुडवून बोटं हलकेच उघड-मीट कर, मग कामाला लाग. कणीक सध्या दुसऱ्या कुणीतरी मळू दे.

फोन आज लाव. डॉक्टर काय म्हणाले आणि पुड्यांचं काय ठरलं ते मला पुढच्या पत्रात लिही, आणि वहीत बघून सकाळी उठल्यावर किती वेळानं बोटं मोकळी होतात तेही कळव.